गोमंतकातील छापील शब्दाचा माग

नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वराच्या देवळात शिरताना दारावरील शिलालेखापुढे क्षणभर थांबावे, असा आमचा जुना परिपाठ आहे. शके १५९०, म्हणजे इ. स. १६६८ चा हा लेख फार मोठा नाही. शिवरायांच्या आज्ञेवरून या देवालयाच्या कामास आरंभ झाला, एवढेच वर्तमान तो देतो. परंतु साडेतीनशे वर्षे तो ते न चुकता देत आला आहे. त्याच्याही पूर्वी गोव्याच्या कदंब राजांनी आपल्या सुवर्णनाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाची अक्षरे उठविली होती. नाणे हातोहात फिरे, बंदरोबंदर जाई आणि राजा कोणाचा भक्त आहे हे वाचणाऱ्यास सांगे. लोकांपर्यंत वार्ता कशी पोहोचते, हा जो विषय आज महाविद्यालयांतून संज्ञापन व प्रसारमाध्यमे या नावाने शिकविला जातो, त्याचा पहिला धडा आमच्या डिचोली महालात असा दगडावर आणि सोन्यावर कोरलेला आहे.

हे आज सांगण्यास एक निमित्त घडले. हाच विषय घेऊन पदव्युत्तर परीक्षेस बसलेली एक विद्यार्थिनी गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आली. नव्या काबिजादींतील मराठी पत्रकारितेवर तिला प्रबंधिका लिहावयाची होती. तीन आठवडे तिने संगणकावर शोध घेतला. पोर्तुगेजी वृत्तपत्रांची नावे मिळाली, इंग्रजी लेख मिळाले. मराठीचे जवळजवळ काहीच हाती लागले नाही. तेव्हा तिने आपल्या टाचणात एक वाक्य लिहून टाकले, की १९६१ पूर्वी या भागात उल्लेखनीय अशी मराठी पत्रकारिता नव्हतीच. ते वाचून आम्हांस प्रथम राग आला आणि मग लाज वाटली. मुलीने जे सापडले ते लिहिले. जे सापडले नाही, ते तिला सापडावे अशा ठिकाणी आम्ही मागच्या पिढ्यांनी ठेवले नव्हते. असे वाक्य एकदा प्रबंधात गेले, की पुढच्या प्रबंधात त्याचा आधार म्हणून उल्लेख होतो आणि दहा वर्षांत त्याला इतिहासाची प्रतिष्ठा येते. म्हणून गोमंतकातील मुद्रण व वृत्तपत्रे यांची साधने कोठे आहेत, ती तेथे कशी गेली आणि त्यांच्यापर्यंत कसे पोहोचावे, याविषयी आम्हांस जे ठाऊक आहे ते येथे मांडीत आहोत.

आरंभ नदीपलीकडून करावा लागतो. नार्वेच्या धक्क्यावरून फेरीत बसले की दिवाडी बेट. तेथेही एक नार्वे आहे, आणि सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान तेच. दिवाडी ओलांडून पुन्हा फेरीने गेले की जुने गोवे. या जुन्या गोव्यात १५५६ सालच्या सप्टेंबर महिन्यात एक छापखाना उतरला. तो आमच्यासाठी आलेलाच नव्हता. जेझुइट पाद्री तो अबिसीनियाला नेण्यास निघाले होते. तिकडचा प्रवास खुंटला आणि यंत्र सांपावलाच्या कोलेजात राहिले. हुआन द बुस्तामांते या जेझुइट बंधूने ते चालविले. हिंदुस्थानातील मुद्रणाचा हा प्रारंभ. त्यानंतर चारच वर्षांनी, १५६० च्या सुमारास, दिवाडीचे देऊळ पाडले गेले आणि भाविकांनी लिंग नदीच्या या काठावर आणून बसविले. एकाच दशकात, एकाच नदीच्या काठांवर छापखाना आला आणि देव परागंदा झाला. गोव्यातील मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्याने या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे आम्हांस वाटते; नाहीतर केवळ अभिमान किंवा केवळ तक्रार यांपैकी एकच काहीतरी लिहून होते.

त्या पहिल्या छापखान्यातून निघालेल्या पुस्तकांचे पुढे काय झाले? १५५६ सालच्या पहिल्या मुद्रिताची एकही प्रत आज ज्ञात नाही. १५६१ मध्ये छापलेला गास्पार द लेआंव या आर्चबिशपाचा ‘कोंपेंदियु स्पिरितुआल’ हा ग्रंथ आज उपलब्ध असलेल्यांत सर्वांत जुना, आणि त्याची प्रत पाहण्यासाठी जुन्या गोव्यात जाऊन भागत नाही. ती न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ येथेच छापला गेला. त्याच्या काही प्रती निरनिराळ्या देशांत सुरक्षित आहेत. त्या वैद्याच्या अस्थी मात्र इन्क्विझिशनने १५८० साली उकरून जाळल्या.

थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ची कथा तर अधिक बोधप्रद आहे. १६१६ साली राशोल येथे ते रोमी लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज जगात कोठे असल्याचे ज्ञात नाही. १९०७ साली मंगळूर येथे जोझेफ साल्डाना यांनी ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध केला तो हस्तलिखितांवरून. देवनागरीतील एक हस्तलिखित मार्सडेन संग्रहातून लंडनला गेले आणि तेथील प्राच्यविद्या संस्थेत आहे. म्हणजे जो ग्रंथ छापखान्याने तीनदा काढला, तो शेवटी वाचविला लेखणीने. यातील आणखी एक गोष्ट प्रसारमाध्यमांच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावी. या देशीची पुस्तके या देशीच्या अक्षरांत छापावीत अशी स्टीफन्सची फार इच्छा होती, आणि १६०८ साली त्याने आपल्या वरिष्ठांस तसे लिहिलेही. अडचण अशी, की रोमी लिपीला दोन डझन खिळे पुरत, तर आमच्या जोडाक्षरांसह येथील लिपीला सुमारे सहाशे साचे पाडावे लागत. देवनागरी मुद्रण गोव्यात दोन शतके रखडले त्याच्या मुळाशी धर्म आणि राज्य जितके आहेत, तितकाच हा खिळ्यांचा हिशेबही आहे.

भाषेविषयी एक शब्द येथेच सांगून टाकतो, कारण आमच्या नियतकालिकाचे वाचक दोन्ही भाषांचे आहेत. स्टीफन्सने पुराण मराठीत रचल्याचे स्वतःच नमूद केले आणि त्यात येथील बोलीची मिसळ केल्याचेही सांगितले. त्याच लेखकाचे व्याकरण मात्र १६४० साली ‘आर्त द लिंग्व कानारी’ म्हणून छापले गेले, ते कोंकणीचे. दोन्ही पुस्तके एकाच माणसाची, दोन्ही राशोलच्या छापखान्याची. त्यांवरून जे वाद झाले त्यांत आम्ही शिरत नाही. ज्याला साधने पाहावयाची आहेत त्याने दोन्ही कपाटे उघडावीत, एवढेच. तसेच ब्रागा या पोर्तुगालमधील शहराच्या ग्रंथालयात सोळाव्या शतकातील रामायण-महाभारताच्या कथांची रोमी लिपीत उतरविलेली हस्तलिखिते आहेत. पाद्र्यांनी ती आमच्या लोकांची समजूत जाणून घेण्यासाठी लिहून घेतली. हेतू काहीही असो, गावोगाव सांगितल्या जाणाऱ्या कथेची चारशे वर्षांपूर्वीची भाषा त्यामुळे वाचली. केळशीच्या कृष्णदास शामाचे नाव आज पणजीच्या ग्रंथालयाला आहे, ते याच वाङ्मयाशी निगडित आहे.

राशोलचा छापखाना १६७४ च्या सुमारास थंडावला. १६८४ मध्ये कोंकणीच्या वापराविरुद्ध व्हाइसरॉयचा हुकूम निघाला. त्यानंतर दीडशे वर्षे गोव्यात छापखाना नाही. एखाद्या देशात छपाई प्रथम यावी आणि मग तीच नाहीशी व्हावी, असे उदाहरण क्वचितच आढळते. या दीडशे वर्षांच्या काळासाठी अभ्यासकाने दफ्तरखान्याकडे वळले पाहिजे. गोव्याचा दफ्तरखाना १५९५ साली राजाज्ञेने स्थापन झाला आणि इतिहासकार दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला रक्षक. लिस्बनहून मोसमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या गलबतांतून जो पत्रव्यवहार चाले, त्याच्या ‘मोंसोंइश दु रैनु’ या नावाच्या बाडांची मालिका तेथे आहे. वर्तमान कसे येई, किती महिन्यांनी येई आणि उत्तर जाण्यास पुढचा मोसम कसा गाठावा लागे, हे त्यांतून दिसते. वर्षातून एकदा येणाऱ्या टपालावर चालणारे राज्य ही स्वतःच एक अभ्यासण्याजोगी गोष्ट आहे.

या दफ्तरात शिरण्यास वाटाड्या पाहिजे, आणि तो आमच्याच भागाने दिला. पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर १९३१ पासून १९६१ पर्यंत या दफ्तरखान्याचे प्रमुख होते. १९५५ साली त्यांनी दफ्तराचा मार्गदर्शक ग्रंथ, ‘रोतैरु दुश आर्किवुश द इंदिय पोर्तुगेज’, प्रसिद्ध केला. बाडांची यादी म्हणजे नीरस काम, असे ज्यांस वाटते त्यांनी तो एकदा चाळावा. मराठी, कानडी व फारशी कागद हाताळणारा आणि पोर्तुगेजीत लिहिणारा हा विद्वान नसता, तर मराठ्यांच्या इतिहासाची एक बाजू आजही कुलुपात राहिली असती. त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे पुस्तक पुणे विद्यापीठाने १९६७ साली काढले. मराठी वाचकाने तेथून आरंभ केला तरी चालेल.

छापखाना परत आला तो १८२१ साली, राज्यक्रांतीच्या पाठोपाठ. पोर्तुगालमधील घटनावादी उठावाचे पडसाद येथे उमटून व्हाइसरॉय पदच्युत झाला आणि नव्या मंडळाने मुंबईहून यंत्र आणविले. त्या वर्षीच्या २२ डिसेंबरला ‘गाझेत द गोवा’ निघाले. ते १८२६ मध्ये बंद पडले. १८३७ पासून सरकारी ‘बोलेतीं’ सुरू झाले, आणि त्याची परंपरा पुढे एकसारखी चालली. विद्यार्थी त्याकडे दुर्लक्ष करतात. सरकारी राजपत्रात काय वाचावयाचे? परंतु कोणत्या वृत्तपत्रास परवाना मिळाला, कोणाचा रद्द झाला, छापण्याविषयीचा कायदा केव्हा बदलला, हे सर्व त्यात मिळते. आणि हरवलेल्या पत्राचे अस्तित्व सिद्ध करण्यास कधी कधी त्यातील एक ओळ पुरते. पुढे १८५९ साली मडगावास ‘उ उल्त्रामार’, १८६१ साली ‘आ इंदिय पोर्तुगेज’, १९०० साली मेसियश गोमिश यांचे ‘उ एराल्दु’ हे पहिले दैनिक. हे ‘एराल्दु’ १९८३ पासून इंग्रजीत निघत आहे. कोंकणीचे पहिले नियतकालिक गोव्यात निघाले नाही. एदुआर्दु ब्रुनु द सोझा यांनी १८८९ साली पुण्यात ‘उदेंतेचें साळोक’ काढले. पिलारहून १९३३ साली निघालेले ‘वावराड्यांचो इश्ट’ मात्र आजही चालू आहे.

मराठी नियतकालिकांच्या बाबतीत घटना तीन वळणांनी गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘आनंदलहरी’, ‘देशसुधारणेच्छु’ यांसारखी पत्रे निघाली व बंद पडली. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना बरोबरीचे नागरिकत्व लाभले आणि मराठी पत्रांना एकाएकी बहर आला. फोंड्याची ‘प्राचीप्रभा’ आणि केप्याच्या गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ ही त्या काळची. मग १९२६ च्या लष्करी उठावानंतर पूर्वपरीक्षण आले आणि पुढील पस्तीस वर्षे संपादकाच्या मेजावरील प्रत्येक मजकूर आधी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाऊ लागला. लुईश द मेनेझिश ब्रागांझ यांचे ‘प्रकाश’ हे १९२८ साली निघालेले पत्र १९३७ मध्ये सरकारने बंद पाडले. जे मोकळेपणी लिहावयाचे ते मग हद्दीबाहेर छापले जाऊ लागले. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांचे ‘फ्री गोवा’ मुंबईस निघाले ते याच कारणाने.

आमच्या विद्यार्थिनीची चूक येथेच होती. पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगेजांकडे आले. तोवर ते सावंतवाडीकर भोसल्यांचे. आणि राज्य बदलले तरी लोकांचे वाचन, सोयरीक व पोटापाण्याची वाट उत्तरेकडेच राहिली. पेडण्याचा मनुष्य वर्तमानपत्र वाचू लागला तेव्हा तो मुंबईचे किंवा वेंगुर्ल्याकडून आलेले वाचू लागला. मांद्र्यात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईत नावारूपास आले, आणि त्यांचा हस्तलिखितांचा संग्रह तेथील एशियाटिक सोसायटीत आहे. हद्दीच्या पलीकडच्याच आजगावचे काशिनाथ रघुनाथ आजगावकर ‘मित्र’ यांनी मुंबईहून ‘मनोरंजन’ काढले आणि १९०९ साली मराठीतील पहिला दिवाळी अंक वाचकांच्या हाती दिला. डिचोलीत जन्मलेले शणै गोंयबाब यांनी आपले कोंकणी लेखनही मुंबईत राहूनच केले. नव्या काबिजादींची पत्रकारिता पणजीच्या कपाटात शोधावयाची, तर तिचा अर्धा भाग कायमचा अदृश्य राहणार. ती मुंबईत व सावंतवाडीस शोधली पाहिजे.

आता शोधाच्या वाटा. पणजीस पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे पहिले ठिकाण. १८३२ च्या सप्टेंबरात ‘पुब्लिक लिव्ररिय’ म्हणून ते स्थापन झाले. मठ बंद झाल्यावर तेथील पुस्तकांची भर त्यात पडली. एवढे जुने सार्वजनिक ग्रंथालय आपल्या देशात विरळाच. जुन्या वृत्तपत्रांच्या फायली, दुर्मिळ ग्रंथ आणि स्थानिक इतिहास यांसाठी तेथे स्वतंत्र विभाग आहे, आणि जुन्या पत्रांच्या संगणकीय प्रतीही तेथे झाल्या आहेत. पर्वरीस १९७९ साली निघालेले झेवियर इतिहास संशोधन केंद्र, बांबोळीजवळील गोवा विद्यापीठाचे ग्रंथालय आणि पणजीतील मेनेझिश ब्रागांझ संस्था यांकडेही जावे लागते.

तथापि कपाटापाशी जाण्यापूर्वी सूची वाचावी. ग्रंथपालास ‘जुनी मराठी पत्रे दाखवा’ म्हणणाऱ्यास काहीच मिळत नाही. नाव व साल सांगणाऱ्यास मिळते. नावे व साले कोठून आणावीत? इश्माएल ग्रासियश यांनी १८८० साली गोव्यातील पहिल्या तीन शतकांच्या मुद्रणावर पुस्तक लिहिले. आंतोनियु मारिय द कुन्य यांनी १९२३ च्या सुमारास गोव्यातील वृत्तपत्रांच्या वाढीचा आढावा घेतला. पणजीच्या ग्रंथालयाचेच एके काळचे ग्रंथपाल आलेशु मान्वेल द कॉश्त यांनी गोमंतकीय लेखकांचा तीन खंडांचा कोश केला. प्रियोळच्या अनंत काकबा प्रियोळकरांनी १९५८ साली, मुद्रणाच्या चारशे वर्षांच्या निमित्ताने, ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ हा ग्रंथ सिद्ध केला. कुन्य रिव्हार याच्या कोंकणीवरील जुन्या निबंधाचे भाषांतरही त्यात आहे. मराठीसाठी शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची, आणि रा. के. लेले यांचा मराठी वृत्तपत्रांचा इतिहास. रोशेल पिंतु यांचे एकोणिसाव्या शतकातील गोव्याच्या मुद्रणसंस्कृतीवरील पुस्तक २००७ चे आहे. छापील शब्दाने येथे कोणाला बोलते केले आणि कोणाला मुके ठेवले, हा प्रश्न त्यात नेटाने मांडला आहे. यांतील एकही पुस्तक अखेरचे प्रमाण मानू नये. प्रत्येकाला जे दिसले ते त्याने लिहिले, आणि मराठी नियतकालिके पोर्तुगेजी वाचणाऱ्यांना सहसा थोडीच दिसली.

मुंबईकडची साधने वेगळ्या प्रकारे जमली आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद करावी लागे आणि तिच्या तिमाही याद्या निघत. शिवाय देशी वृत्तपत्रांत सरकारविषयी काय लिहिले जाते याचे साप्ताहिक गोषवारे मुंबई सरकार इंग्रजीत करवून घेई. हेरगिरीसाठी केलेले हे गोषवारे आज कित्येक नष्ट झालेल्या पत्रांचा एकमेव अवशेष आहेत. ते मुंबईच्या पुराभिलेखागारात व लंडनला आहेत, आणि दक्षिण आशियाच्या खुल्या संग्रहात संगणकावर घरबसल्या वाचता येतात. एशियाटिक सोसायटीचे ‘ग्रंथ संजीवनी’, राज्य मराठी विकास संस्थेने खुली केलेली दुर्मिळ पुस्तके, प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’, लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संगणकीय विभाग, आव्हैरु विद्यापीठाचा आफ्रिका व पौर्वात्य देशांच्या स्मृतींचा संग्रह, हे सर्व चोखाळावेत. भारतातील ग्रंथ व वृत्तपत्रे यांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयांस देण्याचा १९५४ चा कायदा १९६१ पूर्वीच्या गोव्यास लागूच नव्हता, हे मात्र विसरू नये. कलकत्त्यास गोमंतकीय पत्र नाही म्हणून ते निघालेच नव्हते, असे ठरत नाही.

संगणकावरील शोधात सर्वांत मोठा धोका नावांचा आहे. आम्ही स्वतः दोन संध्याकाळ ‘नार्वे’ हे नाव इंग्रजी धाटणीने लिहून शोधीत बसलो आणि जगाच्या उत्तरेकडील एका थंड देशाची माहिती वाचीत राहिलो. पोर्तुगेज त्याला नारोआ लिहीत. पेडणे म्हणजे पेर्नें, डिचोली म्हणजे बिशोलीं, साखळी म्हणजे सांकेलीं. पणजी कधी पांजीं, तर कित्येक मुखपृष्ठांवर ‘नोव्ह गोवा’. माणसांचेही तेच. पांडुरंगाचे पांडुरोंग होते आणि सूर्याजीचे सुरियाजी. त्यात १९११ साली पोर्तुगेजीचे शुद्धलेखन बदलले. जुन्या ‘आर्किवु’तील ‘सीएच’ जाऊन तेथे ‘क्यू’ आला, ‘ओफिसियाल’मधील एक ‘एफ’ गळाला. म्हणून एकच शब्द निदान तीन वर्णांत लिहून शोधावा. मराठी पुस्तकांची गत याहून वाईट. भारताच्या अंकीय ग्रंथालयातील असंख्य पुस्तके त्याचा पसारा आवरल्यावर इंटरनेट आर्काइव्हवर आढळतात, पण त्यांची नावे रोमीत इतक्या अजब रीतीने नोंदली आहेत, की ओळखीचे पुस्तकही ओळखू येत नाही. अशा वेळी आम्ही लेखकाचे आडनाव सोडून साल व प्रकाशनस्थळ घालून पाहतो. त्याने पुष्कळदा काम होते. आणि मजकुरात शोध घेण्याची जी सोय असते, ती जुन्या झिजलेल्या देवनागरी खिळ्यांपुढे हार खाते. शब्द सापडला नाही म्हणजे तो त्या पानावर नाही, असे मुळीच नव्हे. पाने उलटावी लागतात.

पाने उलटण्याचीही एक वेळ असते. ओर्ताच्या ग्रंथाचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून साडेचारशे वर्षांनंतरही तो पीळ सोडीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात जे आम्ल राहते ते कागदाला आतून जाळते. परिणामी १९३० सालचे वृत्तपत्र १५६३ सालच्या पुस्तकाहून म्हातारे झाले आहे. त्यावर आमचा शंभर इंचांहून अधिक पाऊस, वाळवी आणि बुरशी. एका ग्रंथालयात, त्याचे नाव सांगत नाही, आम्ही मागितलेली एक मराठी फाईल शिपायाने दोन्ही हातांनी अलगद आणून मेजावर ठेवली. सुतळी सोडताच घड्यांवरच्या कडा भुग्यासारख्या सांडल्या. त्या भुग्यात बहुतेक सोयरसुतकाच्या जाहिराती होत्या. तारखा गेल्या होत्या.

ध्वनीच्या साधनांची स्थिती तर याहून बिकट. १९४६ साली ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. १९५५ च्या नोव्हेंबरपासून मुक्तिदिनापर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी हद्दीबाहेरच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ चालविला. कोंकणीत व पोर्तुगेजीत बातम्या दिल्या. १९६१ च्या १८ डिसेंबरला बांबोळीच्या प्रक्षेपण केंद्रावर भारतीय विमानांनी बाँब टाकले आणि एमिसोराचा आवाज बंद पडला. हवेत बोललेले शब्द कागदाप्रमाणे कपाटात राहत नाहीत. जे ते ऐकत असत, त्यांच्यापैकी जी मंडळी आज हयात आहेत तीच आता त्याचे ग्रंथालय. त्यांच्याकडे जाण्यास कोणत्याही सूचीची गरज नाही, फक्त घाई करावयास हवी.

मुक्तीनंतरच्या काळात साधने विपुल आहेत, पण तेथे निराळी शिस्त लागते. १९६२ च्या मार्चमध्ये बा. द. सातोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘गोमन्तक’ निघाले, १९६३ साली मडगावहून ‘राष्ट्रमत’. १९६७ च्या १६ जानेवारीस जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते आणि वेगळ्या राज्यकारभाराच्या बाजूने १,७२,१९१. पेडणे-डिचोलीचा कल कोणीकडे होता हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या महिन्यांत ‘गोमन्तक’ विलीनीकरणाचा कैवार घेत होते आणि ‘राष्ट्रमत’मधील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ त्याविरुद्ध रोज सुटत होते, तेही मराठीतच. कोंकणीच्या बाजूचा लढा मराठी स्तंभातून लढला गेला, ही गोष्ट एकाच पत्राची फाईल वाचणाऱ्यास कधीच समजणार नाही. दोन्ही फायली एका मेजावर घेऊन, तारखेस तारीख लावून वाचाव्यात. आम्ही तसे एक आठवडा केले आणि ज्या बाजूचे आम्ही त्या काळी होतो, त्या बाजूच्या काही अग्रलेखांनी आम्हांस आज संकोच वाटला.

आमची विद्यार्थिनी गणेश चतुर्थीनंतर पुन्हा आली. ते वाक्य तिने खोडले होते. पणजीस ती चार वेळा गेली होती, मुंबईचे साप्ताहिक गोषवारे तिने संगणकावर वाचले होते. आणि ज्या गोष्टीसाठी तिला कोठेच जावे लागले नाही ती सांगताना ती हसत होती. नार्वेतच तिच्या आजोळच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. आजोबा मुंबईहून सुटीवर येताना जी वर्तमानपत्रे घेऊन येत, ती त्यांनी देवाच्या भांड्यांस गुंडाळली होती. तांब्याची घंटा, समई, दोन पंचपात्रे, आणि प्रत्येकाभोवती दोन-तीन पाने. हळदीचे डाग आहेत, पण तारखा शाबूत. तिने ती सोडवून, वर्तमानपत्रांच्या थप्पीखाली नव्हे तर दोन स्वच्छ पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवली आहेत आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र काढले आहे. आजीने भांडी आता कशात गुंडाळावयाची म्हणून विचारले, तेव्हा तिने तिला एक जुने धोतर फाडून दिले.

ज्या वाचकांच्या माळ्यावर अशी पेटी असेल त्यांनी ती पावसाळ्यापूर्वी उघडावी. पाने वेगळी करण्याची घाई करू नये, चिकटपट्टी लावू नये, उन्हात वाळवू नये. पानावरील नाव, तारीख व अंक आम्हांस कळविल्यास आम्ही ते क्रमाने छापू. फेरीने येणाऱ्यांसाठी सांगतो: नार्वेच्या धक्क्यावर ‘पलतडीं वचपाचें?’ म्हणून विचारणाऱ्यास आमचे घर ठाऊक आहे.